कपाळातली हवा

मुंबईतल्या पोरांच्या नाकात माझ्याइतकं खोल दुसऱ्या कोणी बघितलेलं नसेल, हे मी कुठल्याही डॉक्टरसमोर छाती ठोकून सांगतो. बघितलं म्हणजे काय, तर फिल्म दोन्ही हातांनी उजेडाला धरून उभा राहिलो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा ती उलटी धरली होती.

संपाआधी मी मिलमध्ये घडी खात्यात होतो. साच्यावरून, म्हणजे मागावरून उतरलेलं कापड आमच्याकडे यायचं. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूब, आणि कापड वरून ओढत न्यायचं. गाठ दिसली, भोक दिसलं, तेलाचा डाग दिसला, आडवा धागा सुटलेला दिसला, की खडूनं खूण. शाळेत मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना तिसरीतच सोडलं होतं, पण अंक येत होते आणि खडू धरता येत होता. तेवढ्यावर मी तपासनीस. आमच्या मुकादमाचा एकच नियम होता, डाउट आला की डॅमेज. विचार करत बसायचं नाय, खूण मारून मोकळं व्हायचं. त्यामुळे साचेवाले मला समोरासमोर मामा बोलायचे आणि पाठीमागे जे बोलायचे ते इथं लिहिता येत नाय.

मग संप झाला. आज मिटतो, उद्या मिटतो करत आम्ही नाक्यावर उभं राहायचो. संप मिटला असं कोणी येऊन सांगितलंच नाय, लोक नुसते त्याच्याबद्दल बोलायचे बंद झाले. नवीन लग्न झालेली बायको मी तेव्हाच मालवणकडे गावाला पाठवली, दोन महिन्यांसाठी म्हणून. मी लालबागला कांदेबटाट्याची गाडी लावली. कांदा सडला, बटाट्याला कोंब आले, गाडी दुसऱ्यानं नेली. मग वॉचमन झालो. तिथं झोपताना पकडला गेलो, आणि पकडणारा चोर होता. शिमग्याला आणि गणपतीला गावाला जायचो तेवढाच संसार. त्या जाण्यायेण्यातच आमची पोरगी झाली. मी बारशाला पोचलो तेव्हा पाळणा सोडून ठेवला होता.

शेवटी चाळीतल्या एका आयाबाईनं मला परळच्या एका हॉस्पिटलात चिकटवलं, स्कॅनच्या खोलीत. काम म्हणजे पेशंटला टेबलावर चढवणं, उतरवणं, फरशी पुसणं. पण थोड्याच दिवसात सगळ्यांच्या लक्षात आलं की माझ्या तोंडाकडे बघितलं की पोरं रडायची थांबतात. का ते मी आरशात बघून समजून घेतलं. तेव्हापासून लहान पोरांचं खातं माझ्याकडे आलं.

ते मशीन तुम्ही बघितलं असेल, मधे भोक असलेलं मोठं चाक. मी पोरांना सांगायचो, हा मेदूवडा आहे, आपण त्याच्या भोकातून जाऊन परत यायचं. नाकाचं स्कॅन असलं की पोराला पालथं झोपवून हनुवटी पुढे काढून ठेवायला लागायची, आणि जराही हलायचं नाय. मी बोलायचो, तू कासव. कासव हललं तर वडा खाली पडेल. मोठी माणसं हलायची, पोरं नाय हलायची. माझ्या अंगावर किरण अडवणारा शिशाचा जड कोट असायचा आणि हात पोराच्या पाठीवर. तेल लावलेली डोकी, विक्सचा वास, पाठीत घरघर चाललेली. अशी किती पोरं माझ्या हाताखालून गेली, आणि माझी पोरगी तिकडे कोणाच्या हाताखाली झोपत असेल, हे मनात यायचंच. मग मी पोरांना जरा जास्तच हसवायचो.

नाकाची पोरं आमच्याकडे जास्त यायची, कारण एक डॉक्टरीणबाई त्यावरच शिकत होती. दादरकडची, बारीकशी, चष्म्याची दोरी गळ्यात. आम्ही तिला मॅडम बोलायचो. ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायची आणि मार्क द्यायची. पहिल्यांदा ती पेटी पेटलेली बघितली तेव्हा फरशी पुसायची सोडून मी जवळ गेलो. काच, काचेमागे ट्यूब, आणि त्यावर तपासायचा माल. फक्त कापडाच्या जागी पोराच्या डोक्याच्या चकत्या, काकडीच्या करतात तशा. मी तिथं विनाकारण उभा राहायला लागलो. फिल्म लावायची, काढायची, पुसायची. मॅडम बिचारी हाकलायची नाय. उलट मी विचारलं की सांगायची.

मला समजलं ते असं. नाकाच्या आजूबाजूला हाडात पोकळ्या असतात, चाळीतल्या खोल्यांसारख्या. गालात एक, डोळ्याच्या आतल्या बाजूला पुढे एक आणि मागे एक, पार आत एक, आणि वर कपाळात एक. अशा दोन्ही बाजूंना. आणि प्रत्येक बाजूला एक वाट, सगळ्या मोऱ्यांचं पाणी जिथून जातं तसं गटार. फिल्मवर हवा काळी दिसते, हाड पांढरं, आणि खोलीत घाण भरली की राखाडी. खोली काळी असली तर शून्य. थोडी भरली तर एक. पुरी भरली तर दोन. गटाराला एक नाय, उघडं असलं तर शून्य, तुंबलं तर दोन. सगळं तुंबलेलं असेल तर बेरीज चोवीस. मॅडमचं म्हणणं होतं की हे मार्क मोठ्या माणसांसाठी बांधलेत. पोरांना किती मार्कांच्या पुढे आजारी म्हणायचं, तेच ती शोधत होती. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं होतं एवढंच.

मग मे महिन्यात बायको आणि पोरगी मुंबईला आल्या, कायमच्या. माझ्या खोलीत गावचे तिघे भाडेकरू राहायचे, त्यांना मी हातापाया पडून दुसरीकडे लावून दिलं. भिंतींना निळा ऑईलपेंट मारला. अर्धा माझ्या अंगावर होता, आठवडाभर मी हॉस्पिटलात निळा फिरत होतो. पोरीसाठी दप्तर आणलं, खिळ्याला टांगलं. जूनमध्ये शाळा.

पोरगी सहा वर्षांची. मला ओळखत होती, पण गणपतीला येणारे पाहुणे ओळखतात तशी. पहिल्या दिवशी मला विचारलंन, "तुमी परत कधी जातलास?" मी बोललो, बाय, हे माझंच घर. ती बोलली, "मगे आमी कधी जातलों?"

तिचं नाक वाहायचं. मुंबईत आल्यावर चोंदलं. तोंड उघडं ठेवून झोपायची, आवाज असा की शेजारची काकी सकाळी विचारायची, रात्री पंखा दुरुस्त करत होतात काय. काकीनं ओव्याची पुरचुंडी दिली, तव्यावर गरम करून हुंगायला. पोरगी ती चाटायची. बायकोचं तोंड मला वाचता यायचं, तेवढं एक मला वाचता येतं. एक दिवस बांगडा साफ करताना बोलली की हिका हयची हवा मानवत नाय. नाक बरं झालं नाय तर आम्ही शाळेच्या आधी गावाला. मी बोललो, बरं कसं होत नाय, मी बसलोय कशाला नाकाच्या खात्यात.

मॅडमला बोललो. तिनं पोरीला तपासलं, आधी औषध दिलं. बोलली, सर्दी ताजी असताना स्कॅन काढला तर सगळ्याच पोरांच्या खोल्या भरलेल्या दिसतात, त्याला अर्थ नसतो. औषध संपवा, मग काढू. ते संपवलं. मग स्कॅन. मी स्वतः शिशाचा कोट घालून आत. माझी पोरगी एकदम पक्की कासव. माझा हात तिच्या पाठीवर होता. इतका वेळ, इतकं शांत, ती माझ्या हाताखाली त्याआधी कधी झोपली नव्हती. मशीनवाल्याला मी मनात बोलत होतो, सावकाश कर रे, घाई नाय.

मॅडम त्या दिवशी परीक्षेसाठी दुसरीकडे गेली होती, परवा येणार होती. बाकी डॉक्टर कामात. फिल्म धुऊन सुकून माझ्या हातात आली. ठेवून द्यायची, गप्प घरी जायचं. पण समोर पेटी, पेटीत ट्यूब, आणि हातात माल. घडी खात्यातला माणूस थांबेल काय? लावली. यावेळी सरळ लावली, हे मुद्दाम सांगतो.

गाल बघितले. कडेला राखाडी पट्टा. एक द्यायचा की दोन? डाउट आला. दोन, दोन. डोळ्याजवळच्या बारीक खोल्या, काही काळ्या, काही मळक्या. डाउट. दोन. गटार मला दिसलंच नाय, म्हणजे तुंबलेलंच असणार. आणि मग वर कपाळ. तिथं काळ्याचा टिपका पण नाय. राखाडी पण नाय. डावीकडे उजवीकडे नुसतं पांढरं, सलग, कोरं. मी फिल्मला नाक लावलं. बाकीच्या पोरांच्या फिल्ममध्ये तिथं काळी पानं असतात, कोणाला छोटी, कोणाला मोठी. हिच्यात पार बुजलेलं, हाडासारखं घट्ट. ताग्यात एवढा मोठा पट्टा नक्षी नसलेला निघाला असता तर मी पुरा तागा बाजूला टाकला असता. कपाळाला दोन आणि दोन. बेरीज सोळा झाली. मी परत मोजली, अठरा झाली. मी सोळाच धरली, बाप आहे म्हणून.

घरी आलो. बायको दारातच उभी. सांगितलं, सोळा.

ती बोलली, "कितीतले?"

"चोवीस."

"मगे पास झाला काय?"

मी तिला समजावलं की इथं उलटं असतं, जितके जास्त तितकं वाईट, आणि कपाळ तर पुरं बुजलंय, बहुतेक ऑपरेशन. बहुतेक हा शब्द मी उगाच लावला, वजन यावं म्हणून. मॅडम नाकात नळी घालून कसं करतात ते पण हातवारे करून दाखवलं. इतकं छान समजावलं की शेजारची काकी रडायला लागली. पोरगी खाटेवर बसून कासव-कासव खेळत होती.

बायको रडली नाय. बोलली, "चेडवाक घेवन मी जातंय. गावाक नाक व्हावता, पण थय कोण नाकात सुरी घालूक बसलेलो नाय."

मॅडम परवा येणार, तेवढं तरी थांब, असं मी बोलायला पाहिजे होतं. पण सोळा माझ्या तोंडून निघालेले. आपणच टाकलेलं डॅमेज आपणच पुसायचं, हे आमच्या खात्यात कधी झालं नाय. दुसऱ्या दिवशी परळ डेपोतून संध्याकाळच्या गाडीत दोघींना बसवलं. पोरगी खिडकीत, तोंड उघडं. गाडी हलायच्या आधी मला विचारलंन, "वड्यातसून परत कधी जावचा?" मी बोललो, लवकर. दप्तर खिळ्यालाच राहिलं. पुढच्या खेपेला नेऊ, असं बायको बोलली. म्हणजे परत येणार असं मी धरलं.

मॅडम आली. मी फिल्म लावली आणि हात बांधून उभा राहिलो, निकाल मला आधीच माहीत असल्यासारखा. तिनं पेन्सिल फिरवली. गाल, एक आणि एक. डोळ्याजवळ डाव्या बाजूला, एक. बाकी शून्य. गटारं दोन्ही उघडी, तिनं दाखवल्यावर मला पण दिसली. बोलली, तीन. ठीक आहे मामा, एवढे तर गल्लीतल्या धडधाकट पोरांचे पण निघतील. ऑपरेशन वगैरे काही नाही, औषध चालू ठेवा, वाढेल तसं सुटेल.

मी बोललो, मॅडम, आणि कपाळ?

"कपाळाचं काय?"

"पुरं बुजलंय ना."

तिनं फिल्मकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मामा, बुजलं नाहीये. अजून आलंच नाहीये. कपाळातली पोकळी मुलांना उशिरा येते. कोणाला सहा-सातला दिसायला लागते, कोणाला आणखी नंतर. जे आलंच नाही त्याचे मार्क कसे देणार?"

मी हसलो. मला दुसरं काय येतं? दिवसभर मी हसत होतो, एवढा की एका पोराला मला बघून रडू फुटलं. नोकरीत पहिल्यांदाच.

संध्याकाळी गावात फोन लावला. दुकानात एकच फोन होता. दुकानदारानं हाक मारली, बायको धावत आली असणार, दम लागला होता. मी सांगितलं, सोळा नाय, तीन. ऑपरेशन नाय. दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. मग बोलली, "मगे आता काय?"

आता काय, तर ये. एवढंच बोलायचं होतं. शाळेला अजून वेळ होता, दप्तर समोर खिळ्याला होतं, भिंती निळ्या होत्या. पण मला वाटलं, ती "नाय" बोलली तर? आणि माझ्या तोंडाला सवय काय, तर माहिती देण्याची. मी बोललो, मॅडम म्हणतात कपाळ यायचं बाकी आहे. ते येऊ दे. मग परत एक फिल्म काढू, मग बघू. ती बोलली, बरां. आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी वाट बघायला लागलो. लोक पोरांची उंची बघतात, मी कपाळ बघायचो. कोणाच्या पण पोराची फिल्म लागली की माझी नजर आधी वर. सात वर्षांच्या मुलीला बारीक काळी टिकली दिसली की वाटायचं, हिला आली. आपल्या पोरीला सातवं वर्ष लागलं तेव्हा मॅडमला विचारायचो, आता आली असेल काय? ती बोलायची, असेल. आठव्या वर्षी विचारलं. नवव्या वर्षी मॅडम शिकून दुसरीकडे गेली, मी नवीन डॉक्टरला विचारलं, त्याला वाटलं मी माझ्याच कपाळाबद्दल विचारतोय, आणि त्यानं मला गोळ्या दिल्या. मी खाल्ल्या.

गणपतीला गावाला जायचो तेव्हा पोरीच्या कपाळावर हात ठेवायचो. ताप बघतो असं सांगायचो. तिचं नाक तोपर्यंत सुकलं होतं, तोंड मिटून झोपायची, चार मुलींबरोबर शाळेत चालत जायची. बायकोला मी दरवर्षी सांगायचो, कपाळातली हवा आली की आणतो तुम्हाला. ती दरवर्षी हो बोलायची, आणि मला परतीसाठी कुळथाची पिठी बांधून द्यायची. कधीकधी वाटायचं, ती माझ्याकडे बघतेय, मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून. मग मी काहीतरी गंमत सांगायचो. वॉचमनवाली गोष्ट तिला पाठ झाली होती.

इकडे मिल पाडली. चिमणी मागे राहिली, मग ती पण गेली. तिथं काचेची इमारत आली, संध्याकाळी आतून सगळी पेटते, आमच्या टेबलासारखी. मी रिटायर झालो. निघताना पोरीची ती फिल्म मागून घेतली, तशी पण ती टाकायला काढली होती. खोलीच्या खिडकीच्या काचेला चिकटवली. दुपारी ऊन त्या बाजूनं येतं. जेवण झालं की खाटेवर पडायचं आणि बघायचं. गाल एक, एक. डावीकडे एक. आणि वर कोरं पांढरं, त्यातून काचेच्या इमारतीचा उजेड येतो. कोणी आलं की मी पूर्ण गोष्ट सांगतो, सोळा मार्कांसकट, हातवाऱ्यांसकट. लोक पोट धरून हसतात. काकी अजून रडते.

मागच्या हिवाळ्यात पोरगी आली. तिचं लग्न ठरलं होतं, मुंबईतल्या नातेवाइकांना आमंत्रणं द्यायला. उंच झालीय, माझ्याहून उंच. मी चहा ठेवला, बिस्किटं काढली, आणि ती बसायच्या आत सुरू झालो. हे बघ, ही तू. हे गाल. आणि हे बघ, हे कपाळ, हे तेव्हा आलंच नव्हतं, आणि तुझा बाप चार मार्क देऊन बसला. ती ऐकत होती. मी विचारलं, आता आली असेल नाय, हवा? दाखव बघू. आणि हात पुढे केला, ताप बघतात तसा.

तिनं कपाळ मागे नेलं नाय. माझा हात तिथं असतानाच खिडकीकडे बघून बोलली, "बाबा, ता काढा थयसून. त्यात मी खय आसंय? मी गावाक होतंय. यष्टी पकडून आमका न्हेवक येवचा होता."